टाकीतला चंद्र किती मोठा असावा?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी काही समजूत चुकली असेल तर लगेच लक्षात येईल. हर्णैला तुमच्या हॉलमध्ये तीन बाय दीड बाय दीड फुटांची माशांची टाकी आहे, म्हणजे साधारण १८० लिटर पाणी. त्यात सहा एंजल, पाच कॉरिडोरस, एक सकर आणि पंधरा निऑन टेट्रा. तीन आठवड्यांपूर्वी दुकानदाराने ‘मूनलाइट’ म्हणून सहा वॉटची निळी एलईडी ट्यूब गळ्यात मारली. चांदण्याशिवाय माशांना झोप लागत नाही, असं त्याचं म्हणणं. ती रात्रभर चालू असते, पण तुम्हाला ती भगभगीत वाटते. म्हणून दुसरी कुठली घ्यावी, निळी की पांढरी, किती वॉटची, रात्रभर ठेवावी का, हे विचारलंत. आणि शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीत: निऑन अकराच उरलेत, मेलेला मात्र एकही सापडला नाही.

मला विचाराल तर सगळ्या प्रश्नाची गाठ त्या शेवटच्या ओळीत आहे. तिच्याकडे येतो, पण आधी उत्तर देऊन टाकतो. ट्यूब आजच काढा. माशांना रात्री काळोख लागतो, चंद्र लागत नाही. हा दिवा असतो आपल्यासाठी. जेवणं आटोपल्यावर घटकाभर टाकीसमोर बसावं, एंजल सावल्यांसारखे सरकताना बघावेत, म्हणून. त्यासाठी जो उजेड लागतो तो इतका थोडा, की बाजारात ‘मूनलाइट’ नावाने मिळणाऱ्या बहुतेक वस्तू त्याच्या शेकडो पट निघतात.

शेकडो पट हे मी वाढवून सांगत नाहीये. हिशोब करून दाखवतो.

स्वच्छ आकाशात पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर आला की जमिनीवर उजेड पडतो साधारण पाव लक्स, फार तर ०.३. आपल्या हॉलमध्ये संध्याकाळी दिवे लावल्यावर शंभर-दीडशे लक्स असतो. लुमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड, आणि लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर किती लुमेन पडले ते. तुमच्या टाकीचा वरचा पृष्ठभाग ९० बाय ४५ सेंटिमीटर, म्हणजे ०.४ चौरस मीटर. तिथे पौर्णिमा आणायची तर ०.३ गुणिले ०.४, म्हणजे सगळे मिळून ०.१२ लुमेन पुरे. एका लुमेनचा आठवा हिस्सा! आता तुमची ट्यूब बघा. निळ्या एलईडीचे लुमेन पांढऱ्यापेक्षा कमी भरतात, तरी सहा वॉटमधून शंभरएक लुमेन कुठे गेले नाहीत. त्यातले निम्मे काचेवर आणि भिंतीवर वाया गेले असं धरलं, तरी पाण्यावर सव्वाशे लक्स पडतात. म्हणजे तुमच्या एंजलच्या डोक्यावर रात्रभर पौर्णिमेचे पाचशे चंद्र असतात.

आपल्याला तो दिवा इतका तेज का वाटत नाही? एक तर निळ्या उजेडाला आपले डोळे दिवसा तसे मंदच असतात. दुसरं म्हणजे आपण टीव्ही बघून, मोबाइल बघून टाकीकडे वळतो, त्यामुळे डोळे अंधाराला सरावलेलेच नसतात. पंधरा मिनिटं हॉलमधलं सगळं बंद करून बसा, मग ती ट्यूब लावा. डोळे दिपतील.

आणखी एक हिशोब आहे, तो मला फार आवडतो. अर्ध्या वॉटचा एलईडी झिरोचा बल्ब घ्या. त्याचा उजेड तीस-चाळीस लुमेन. तो चहूकडे सारखा पसरतो असं धरलं, तर दहा फुटांवर उरतो साधारण ०.३ लक्स. म्हणजे हॉलच्या पलीकडच्या भिंतीवर झिरोचा बल्ब लागत असेल तर टाकीवर पौर्णिमा झालेलीच आहे, दुकानात जायची गरजच नाही. गेल्या काही वर्षांत मी निम्म्या लोकांना हेच सांगून परत पाठवलंय. धंद्याचं नुकसान, पण काय करणार.

आता निऑन.

एंजल आणि निऑन दोघंही मूळचे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. तिकडे लहान टेट्रा हे एंजलचं खाणंच आहे. दुकानात दोघं लहान असताना एकत्र छान दिसतात, म्हणून सगळेच एकत्र घेतात. एंजलचं शेपूट सोडून अंग पाच-सहा सेंटिमीटरचं झालं की हिशोब बदलतो. दिवसा निऑन चपळ, एंजल संथ, त्यामुळे काही घडत नाही. रात्री पूर्ण काळोख असेल तर दोघंही गप्प. भीती असते ती मधल्या उजेडाची. निऑन सुस्तावून वाळूजवळ तरंगत असतो आणि एंजलला तो व्यवस्थित दिसत असतो. तुमच्या ट्यूबने ही मधली वेळ घटकाभराची होती ती आठ तासांची केली. निऑन अख्खाच जातो, म्हणून मेलेला सापडत नाही. फिल्टरमध्ये शोधत बसू नका.

ट्यूब काढली की उरलेले अकरा कायमचे वाचतील असं मी म्हणणार नाही. एंजल मोठे झाले की कधी ना कधी हे होणारच. पण काळोखात ते बरंच लांबतं. खरा उपाय म्हणजे निऑन दुसऱ्या टाकीत हलवणं, किंवा दाट झाडं लावून त्यांना लपायला जागा करून देणं.

निऑनवरून एक परीक्षा आठवली, ती तुम्हाला घरी करता येईल. निऑनच्या अंगावरची निळी-हिरवी रेघ हा रंग नसतो. कातडीतल्या पेशींमध्ये बारीक पापुद्रे असतात, त्यांच्यामधलं अंतर बदललं की परत येणाऱ्या उजेडाचा रंग बदलतो. आणि त्या पेशी स्वतःच उजेडाला प्रतिसाद देतात. उजेडात रेघ निळी-हिरवी लखलखते, काळोखात ती जांभळट होऊन विझल्यासारखी दिसते. पहिल्यांदा टाकी घेतलेले लोक पहाटे लाइट लावतात आणि ‘निऑन आजारी पडले, रंग गेला’ म्हणून मला फोन करतात. आजारी नाही हो, झोपेतून उठलेत. तर तुम्ही रात्री बारा वाजता टाकीवर क्षणभर बॅटरी मारून बघा. रेघ लगेच पालटत नाही, त्यामुळे तेवढ्यात कळतं. जांभळट, मळकी दिसली तर माशांना रात्र मिळतेय. भर दुपारसारखी लखलखीत दिसली तर तुमचा चंद्र जास्त झालाय. यापेक्षा चांगलं मीटर माझ्याकडे नाही. फोनवरच्या लक्समीटर ॲपच्या नादाला तर लागूच नका. एक लक्सच्या खाली त्याचा काडीचा भरवसा नाही.

माशांना पापण्या नसतात हे आपल्याला माहीत असतं, पण डोळे झाकले तरी भागलं नसतं. डोक्याच्या कवटीखाली त्यांची पिनिअल ग्रंथी असते आणि तिला उजेड थेट कळतो. काळोख पडला की ती मेलाटोनिन सोडते, त्यावरून शरीराला रात्र झाल्याचं समजतं. बर्लिनच्या गोड्या पाण्यावर काम करणाऱ्या संशोधन संस्थेत पर्च माशांवर प्रयोग झाले. रात्री नुसता १ लक्स उजेड ठेवला, तरी मेलाटोनिनची रात्रीची वाढ दबली. एक लक्स म्हणजे चार पौर्णिमा. पर्च म्हणजे एंजल नव्हे, हे मान्य. पण चार पौर्णिमांना त्याची ही गत होते, तर पाचशेंचा विचार तुम्हीच करा.

आणि चांदण्याशिवाय झोप लागत नाही म्हणणाऱ्या दुकानदाराला सांगा, आषाढात इकडे येऊन राहा. जून ते सप्टेंबर आमच्याकडे चंद्र दिसला तर नवल. तरी पऱ्ह्यातली, म्हणजे ओढ्यातली मासळी पावसाळ्यातच सगळ्यात खुशीत असते, तेव्हाच विणीला येते. बाकीच्या महिन्यांतही चांदणं काही रोजचं नाही. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, अवसेच्या आसपास नसतोच. अष्टमीचा चंद्र अर्धा दिसतो, म्हणून उजेडही अर्धा असेल असं वाटतं. पण त्या तिथीला चंद्रावरच्या डोंगर-खड्ड्यांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात, त्यामुळे उजेड पौर्णिमेच्या जेमतेम दहावा हिस्सा येतो. थोडक्यात, महिन्यातल्या बहुतेक रात्री माशांना काळोखाच्याच. रोज रात्री, सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत पौर्णिमा, असं जगात कुठल्याच ओढ्यात होत नाही.

रात्रीचा उजेड माशाला काय करतो हे खरं तर हर्णैसारख्या मासेमारीच्या बंदरातल्या माणसाला मी सांगायला नको. बोटीवरून लख्ख दिवे पाण्यात सोडायचे, बांगडा-म्हाकूल उजेडाला गोळा झाला की जाळं टाकायचं, यावरून आपल्या किनाऱ्यावर किती भांडणं झाली. केंद्र सरकारने २०१७ मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी घातली, तरी तक्रारी थांबल्या नाहीत. घरातली टाकी म्हणजे समुद्र नव्हे, पण मासा तोच आणि त्याचा डोळाही तोच.

आता रंग. चांदणं निळं असतं हा समज पक्का आहे. सिनेमातली रात्र निळी, म्हणून टाकीही निळी. चंद्र देतो तो सूर्याचाच परत आलेला प्रकाश, आणि तो उन्हापेक्षा किंचित पिवळसरच असतो. दिव्यांच्या भाषेत साधारण ४१०० केल्विन, म्हणजे दुकानात ज्याला ‘नॅचरल व्हाइट’ म्हणतात त्याच्या जवळ. निळेपणा आपल्या डोळ्यांत असतो. संध्याकाळी अंगणात उभं राहून जास्वंदीकडे बघा. ऊन असताना लाल फूल उठून दिसतं. दिवेलागणीला तेच काळं पडतं आणि पानं मात्र त्यामानाने उजळ वाटतात. अंधारात डोळ्यातल्या वेगळ्या पेशी काम करतात, त्यांना तांबडं जवळपास दिसत नाही, निळं-हिरवं चांगलं दिसतं. १८१९ मध्ये यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे नोंदवलं, म्हणून त्याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात.

मग टाकीला कुठला रंग? मी नॅचरल व्हाइट लावतो, पण अगदी मंद. तुमचे एंजल रुपेरी असतील तर निळाही शोभेल. काळे पट्टे आणि रुपेरी अंग निळ्यात छान उठतं. पण कुणाच्या टाकीत गोल्डफिश किंवा तांबडे प्लॅटी असतील तर निळ्याच्या वाटेला जाऊ नये. नारिंगी मासा निळ्या उजेडात कोळशासारखा दिसतो. माशांच्या तब्येतीला मात्र रंगापेक्षा तो किती आणि किती वेळ, हे महत्त्वाचं. रंगावर डोकेफोड करणारे लोक पुष्कळ भेटतात, उजेड कमी करणारा क्वचित.

यात आणखी एक घोळ आहे. समुद्री टाक्यांसाठी ‘ॲक्टिनिक’ निळे दिवे मिळतात, ४५० नॅनोमीटरच्या आसपासचे. ते प्रवाळांना दिवसा पोसायला आणि त्यांची चमक दाखवायला असतात. तेच दिवे गोड्या पाण्याच्या गिऱ्हाइकाला मूनलाइट म्हणून विकले जातात. रात्रभर लावले की शेवाळाची चंगळ होते, कारण शेवाळालाही तोच निळा आवडतो. तुमच्या पुढच्या काचेवर तीन आठवड्यांत हिरवा थर वाढला असेल तर दोष त्या ट्यूबचा.

दिवा लावायचाच म्हणालात तर मी काय करतो ते सांगतो. यात खर्च शे-दीडशे रुपयांच्या वर जात नाही.

१२ व्होल्टची साधी एलईडी पट्टी घ्या, कमी पॉवरची. ही पट्टी दर तीन एलईडींवर कापता येते, कापायची खूण छापलेली असते. तेवढा तीनचाच तुकडा घ्यायचा. कुणी अख्खी एक मीटर लावतात, ते चुकतात; कमी पॉवरच्या पट्टीतही मीटरला साठ एलईडी असतात. तीन एलईडीसुद्धा १२ व्होल्टवर जास्त होतात, वरच्या हिशोबाने कितीतरी चंद्र. म्हणून त्यांना १२ ऐवजी ९ व्होल्टचा ॲडॉप्टर जोडायचा. तीन एलईडी सरीत, म्हणजे एकामागून एक जोडलेले असल्यामुळे ९ व्होल्टवर ते जेमतेम पेटतात. लखलखाट जातो आणि निखाऱ्यासारखी धग राहते. तरी जास्त वाटला तर दोन एलईडींवर काळी टेप लावा आणि तिसऱ्यावर ट्रेसिंग पेपरच्या दोन घड्या.

एकच एलईडी ठेवण्याला आणखी एक कारण आहे, आणि मला विचाराल तर सगळी गंमत त्यातच आहे. ट्यूबचा उजेड सगळीकडून येतो, त्यामुळे पाण्यात तो सपाट पसरतो. एका ठिपक्यातून आलेला उजेड पाण्याच्या हलत्या पृष्ठभागावरून वाकतो आणि तळाच्या वाळूवर उजेडाच्या रेघांचं जाळं हलत राहतं. फिल्टरचं पाणी पृष्ठभागाला जरा ढवळतंय एवढं बघा. एलईडी मधोमध लावू नका, मागच्या एका कोपऱ्यात लावा. अर्धी टाकी उजेडात आणि अर्धी काळोखात राहते, मासे आपल्याला हवं तिथे जातात. एंजल त्या कोपऱ्यातून काळोखात शिरताना आधी अंग दिसेनासं होतं, मग नुसत्या कल्ल्यांची कड चमकते, मग तीही जाते. पाचशे चंद्रांच्या उजेडात हे दिसत नाही.

उजेड नेमका किती झाला हे बघायला वर्तमानपत्र घ्या. खोलीत अंधार करा, दहा-पंधरा मिनिटं डोळे सरावू द्या आणि पेपर पुढच्या काचेला लावून धरा. मथळे वाचता आले तर ठीक. बातमीचा बारीक मजकूर वाचता आला तर टेप वाढवा. कोजागिरीला पुळणीवर बसून वाचायचा प्रयत्न केलात तर एवढंच वाचता येतं.

बसवताना एक जपा. तुकडा टाकीच्या आत, कव्हरखाली लावू नका. आपल्या खाऱ्या, दमट हवेत आधीच तांब्याला कळंक चढतो, त्यात टाकीची वाफ. दोन पावसाळे कुठली उघडी पट्टी टिकलेली मी पाहिली नाही. काचेच्या झाकणाच्या वर, बाहेरून चिकटवा. डाग दिलेल्या, म्हणजे सोल्डर केलेल्या जागी सिलिकॉन लावा. वायर बोर्डाकडे नेताना ती आधी बोर्डाच्या खाली झोकासारखी उतरवा आणि मग वर न्या. कधी पाणी ओघळलं तर झोकाच्या तळाशी टपकतं, प्लगमध्ये जात नाही. टाकीच्या बोर्डाला ३० मिलिअँपियरचा ईएलसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर चंद्र राहू दे, आधी तो बसवा.

टायमरबद्दलही सांगायला हवं, कारण तिथे मी स्वतः तोंडघशी पडलोय. गोल चकतीचे साधे टायमर स्वस्त असतात, पण वीज गेली की तेही थांबतात. वीज परत आली की चकती थांबली होती तिथूनच पुढे फिरते. आपल्याकडे आठवड्याला तीन-चार तास वीज जाणं काही विशेष नाही. पंधरा दिवसांत टायमर सहा-सात तास मागे पडतो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर मी एका हॉटेलची टाकी लावून दिली होती. दोन महिन्यांनी गेलो तर दुपारी चंद्र आणि मध्यरात्री सूर्य. कर्मचाऱ्यांना वाटत होतं मी मुद्दाम तसं लावलंय! मासे जगले, पण ऑस्कर इतके बिथरलेले की माणूस जवळ आला की काचेवर आदळायचे. तेव्हापासून मी आत बॅटरी असलेला डिजिटल टायमरच लावतो.

वेळा अशा ठेवा. मुख्य लाइट आठ तास, दुपारी दोन ते रात्री दहा. तो बंद होताना हॉलचा दिवा चालू हवा, कारण लख्ख उजेडातून एकदम गडद काळोख झाला की एंजल दचकून धडपडतात. मग हॉलचा दिवा बंद करून टाकीतला छोटा चंद्र, साडेअकरापर्यंत. पुढे सकाळपर्यंत काही नाही. सकाळीही खिडक्या उघडून दिवसाचा उजेड आधी येऊ द्या. झोपेतल्या माशांवर एकदम ट्यूब पेटवणं म्हणजे आपल्याला गाढ झोपेत थंड पाण्याची बादली.

याला एक अपवाद आहे, आणि तो तुमच्याकडे येऊ शकतो. सहा एंजलांत जोडी जमली आणि त्यांनी एखाद्या पानावर किंवा फिल्टरच्या पाइपवर अंडी घातली, तर ती अंडी आणि नंतरची पिल्लं राखायला आईबापांना रात्री जरा दिसावं लागतं. सकर आणि कॉरी रात्री अंडी खायला टपलेले असतात. त्या आठवड्यात मात्र मंद दिवा रात्रभर ठेवलेला बरा. वाढवणारे डिस्कससाठीही हेच करतात. नवीन मासे सोडल्यावर पहिल्या एक-दोन रात्रीही मी थोडा उजेड ठेवतो, म्हणजे ते अनोळखी टाकीत काचेवर आपटत नाहीत.

उलट टोकाचं उदाहरण क्लाउनफिशचं. माझ्याकडे समुद्री टाकीत एक जोडी होती. अंडी घातली, बापाने आठ दिवस पंखांनी वारा घातला, अंड्यांत रुपेरी डोळे दिसू लागले, आणि फुटली एकही नाही. दुसऱ्या खेपेलाही तेच. मी पाणी तपासलं, मीठ बदललं, बापाला नाव ठेवलं. माझ्याच हाताने कव्हरला लावलेला निळा ठिपका रात्रभर चालू आहे, हे मात्र ध्यानात आलं नाही. क्लाउनफिशची अंडी काळोख पडल्यावरच फुटतात. तिसऱ्या खेपेला टाकीवर कांबळं टाकलं आणि त्याच रात्री पिल्लं निघाली. पुढे २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी प्रयोग छापला: रात्री उजेड ठेवलेल्या क्लाउनफिशच्या अंड्यांतून एकही पिल्लू निघालं नाही. वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं.

चंद्राच्या कलांप्रमाणे आपोआप कमी-जास्त होणारे महागडे कंट्रोलर मिळतात, त्याबद्दलही कुणीतरी तुम्हाला सांगेलच. गोड्या पाण्यात त्यांचा काही उपयोग नाही. प्रवाळांची गोष्ट वेगळी. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर वर्षातून एकदा, पौर्णिमेनंतरच्या ठरावीक रात्रींना शेकडो मैलांवरची प्रवाळं एकदम बीज सोडतात. त्यांच्या अंगातली क्रिप्टोक्रोम नावाची प्रथिनं चांदण्याचा उजेड ओळखतात, हे २००७ मध्ये दाखवलं गेलं. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात २०१३ मध्ये चंद्राच्या कलांची हुबेहूब नक्कल करून टाकीतल्या प्रवाळांना बीज सोडायला लावलं. हे सगळं कौतुकाचं आहे, पण तिथे त्यासाठी पगारी माणसं असतात. आणि हे वाचून मालवणच्या खडपावरून प्रवाळाचा तुकडा आणायची कुणाला हुक्की आली तर आवरा. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाच्या रांगेत.

तर तुम्ही आज रात्री एवढं करा: ट्यूब काढा, झिरोचा बल्ब साडेअकराला बंद करा, बारा वाजता बॅटरी मारून निऑनची रेघ बघा आणि मोजूनही ठेवा. महिन्याभराने अकराचे अकरा असतील तर मला कळवा, नऊ झाले असतील तर दुसरी टाकी बघा. सकरला दुधीची चकती घालत असाल तर ती सगळं बंद केल्यावर घाला. तो खरा रात्रीचा प्राणी, इतके दिवस उजेडामुळे लाकडामागून बाहेरच आला नसेल. ट्यूब दुकानदार परत घेणार नाही, वापरलेला माल म्हणेल. ठेवून द्या, गणपतीत मखरामागे लावा. तिथे निळा उजेड शोभतो.